सव्वा इंच, पण कुठे?

ताई हँडल घेऊन आल्या तेव्हा ते फोममध्ये गुंडाळलेलं होतं. क्रूझर मोटरसायकलसाठी बारा इंच उंचीचं, सव्वा इंची जाड नळीचं. मी एका बाजूचा फोम सोडला, वाकाच्या जागी व्हर्नियर लावला. ३१.७५ मिलिमीटर. वहीत आकडा लिहिला आणि त्याच मापाचे रायझर, म्हणजे हँडल मधोमध गाडीला धरून ठेवणाऱ्या पकडी, मागवले. चूक तिथंच झाली.

त्यांना जाड हँडल का हवं होतं, ते मला पटलं होतं. आधीचं एक इंची उंच हँडल खड्ड्यातून जाताना हातात लवायचं. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून एक इंचाऐवजी सव्वा इंची नळी घेतली, तर वाकायला होणारा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. उंच हँडलवर हा फरक नुसत्या दिसण्याचा राहत नाही. पोटातून वायरिंग न्यायलाही जागा मिळते.

त्यांची काळजी वेगळीच होती. "दादा, माझे पंजे लहान आहेत. क्लच दाबता येईल ना?" मी जुन्या ग्रिपवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन वेढे गुंडाळला आणि क्लच सलग पन्नास वेळा दाबायला सांगितला. तिसाव्याला त्यांनी मनगट झटकलं. म्हणजे ग्रिप जाड नकोच, हे तिथंच ठरलं. हातात धरायची जाडी दुकानात उभं राहून एकदा मूठ आवळली की ठरते, असं पुष्कळांना वाटतं. ती क्लचच्या तिसाव्या दाबाला ठरते.

बसवायच्या दिवशी पूर्ण फोम काढला. मधोमध, रायझर जिथं धरतो तिथं, खरखरीत दाते पाडलेला पट्टा होता आणि तिथं नळी बारीक होती. २५.४ मिलिमीटर, बरोबर एक इंच. टोकांनाही एक इंचच. थ्रॉटल आणि स्विचचे डबे बसावेत म्हणून बहुतेक जाड हँडलं अशीच टोकाला उतरती असतात.

नवे सव्वा इंची रायझर हातात, आणि ताईंना पहाटे निघायचं होतं. मधली फट भरायला मी लेथवर ॲल्युमिनियमची बाही कातली, एका बाजूनं चीर पाडली, बसवली. ठरलेला जोर लागला की वाजणारा टॉर्क पाना टकटक वाजला. मग नेहमीसारखं सीटवर बसून दोन्ही हातांनी हँडलवर पूर्ण भार टाकला.

हँडल पुढे गेलं. जेमतेम दोन बोटं, पण गेलं.

उघडून पाहिलं. बाही केसभर बारीक झाली होती. रायझरची टोपी, म्हणजे वरचा अर्धा भाग, खालच्या बुडाला भिडली, म्हणून बोल्ट घट्ट लागल्यासारखे वाटले. दाब हँडलपर्यंत पोचलाच नव्हता. जोरात ब्रेक लागला असता तर चालवणाऱ्याचा सगळा भार याच सांध्यावर आला असता. मी ताईंना फोन करून होतं तसं सांगितलं. "आज गाडी नाही देत."

मग काढलेल्या सामानाच्या डब्याकडे लक्ष गेलं. त्यात जुने रायझर होते, एक इंची. नव्या हँडलला तेच हवे होते. स्वच्छ केले, टोप्यांमधली फट दोन्हीकडे सारखी ठेवून बोल्ट आळीपाळीनं आवळले, पुन्हा भार टाकला. तसूभर हललं नाही.

ताई रात्री आल्या. मी त्यांना सीटवर बसवलं आणि म्हटलं, तुम्हीच ढकला, सगळ्या ताकदीनं. त्यांनी तीनदा ढकलून पाहिलं. वायरी ताणत नाहीत ना हे पाहायला हँडल पूर्ण डावी-उजवीकडे फिरवलं आणि शेवटी क्लच दाबत राहिल्या. मी मोजत होतो. पन्नास झाले तरी मनगट झटकलं नाही.