तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश : माझा अनुभव

नोकरी सांभाळून, बहिःस्थ विद्यार्थी म्हणून इंग्रजीत एम.ए. करताना शेक्सपिअरचे 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' अभ्यासाला होते. डोके उठले ते नाटकामुळे नव्हे, तर बाजारातून आणलेल्या एका गाईडमुळे. ड्यूक थिसियसचे चार दिवसांवर आलेले लग्न, डिमिट्रियसशीच लग्न कर म्हणून मुलीला अथेन्सच्या कायद्याचा धाक दाखवणारा इजियस, प्रियकर लायसँडरबरोबर रानात पळणारी ती मुलगी हर्मिया, हे सारे गाईडमध्ये पाल्हाळासह होते. मात्र तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशापाशी येताच 'यानंतर रानात बराच गोंधळ होतो' एवढ्या एका वाक्यात त्या लेखकाने आपली सुटका करून घेतली होती. प्रश्न नेमके त्या गोंधळावरच येतात, हे त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

साडेचारशेहून अधिक ओळींचा हा प्रवेश अखेर मूळ संहितेतूनच वाचावा लागला. पहिली अडचण अशी की, लायसँडर आणि डिमिट्रियस यांच्यात वेगळेपणा असा फारसा नाहीच. परीराजा ओबेरॉनचा खोडकर सेवक पक, खुद्द तोही अथेन्सचा पोशाख पाहून फसतो आणि जाग येताच जो दिसेल त्याच्या प्रेमात पाडणारा जांभळ्या फुलाचा रस भलत्याच्या डोळ्यांत पिळतो. तेव्हा वहीत चार कोपऱ्यांत चार नावे लिहून कोणाचे प्रेम कोणावर, याचे बाण पेन्सिलने काढले. आरंभी दोन्ही पुरुषांचे बाण हर्मियाकडे. रस पडल्यावर लायसँडरचा बाण हर्मियाची मैत्रीण हेलेना हिच्याकडे वळतो आणि हर्मिया लायसँडरवर, लायसँडर हेलेनावर, हेलेना डिमिट्रियसवर, डिमिट्रियस हर्मियावर असे पुरे वर्तुळ होते. चूक निस्तरायला ओबेरॉन डिमिट्रियसच्या डोळ्यांत रस घालतो आणि मग दोघेही हेलेनाच्या मागे लागतात. तिला मात्र हा तिघांनी मिळून मांडलेला चेष्टेचा कट वाटतो, आणि लहानपणी दोघींनी एकाच उशीवर बसून एकच फूल भरले होते, त्याची ती हर्मियाला आठवण करून देते. हर्मिया ठेंगणी, हेलेना उंच, हे येथे विसरू नये. पुढचे सारे भांडण त्या उंचीवरूनच पेटते. वर्तुळ कागदावर उमटले तेव्हा मला झालेला आनंद काही औरच होता.

शेवटी पक दोघा पुरुषांचे आवाज काढून त्यांना धुक्यात फिरवतो, चौघेही दमून झोपतात आणि लायसँडरच्या डोळ्यांत त्या रसाचा उतारा पडतो.

बॉटम विणकर, त्याचे गाढवाचे डोके आणि त्यावर भाळलेली परीराणी टिटॅनिया यांना वेगळा अभ्यास लागत नाही. ते वाचताच लक्षात राहते. आधीच सांगायला हवी होती ती गोष्ट अशी की, ओबेरॉन आणि टिटॅनिया यांचे भांडण ज्या हिंदुस्थानी मुलावरून जुंपते, तो मुलगा संहितेत रंगमंचावर येतच नाही. म्हणून पात्रांच्या यादीत त्याला शोधत बसू नये.

आणखी एक. या चौघांपैकी उतारा फक्त लायसँडरला मिळतो. डिमिट्रियसच्या डोळ्यांतला रस अखेरपर्यंत तसाच राहतो आणि त्याच अवस्थेत त्याचे हेलेनाशी लग्न लागते. नाटकाचा शेवट खरोखर सुखाचा आहे काय, असा प्रश्न आला, तेव्हा मी हे लिहायला पुरवणी मागून घेतली.