सोमवारी अजिंठा बंद असतो

"घरातली सगळी माणसं घेऊन निघता आणि वाटेत बेत बदलता, कसं जमतं?" दर दिवाळीत कोणी ना कोणी मला हे विचारतं. जळगावचं आमचं घर म्हणजे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा तळ, त्यामुळे फिरण्याची आखणी माझ्याकडेच असते. तुम्हीही विचारलंत म्हणून एका सोमवारचं सांगते.

धाकटा भाऊ कुटुंबासह आला होता. सोमवारी अजिंठा, मंगळवारी चाळीसगावजवळचं पाटणादेवी, बुधवारी परतीची गाडी, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. भाचीने पद्मपाणीचं चित्र पुस्तकात पाहिलेलं, तिला ते प्रत्यक्ष पाहायचं होतं. पाटणादेवी भावासाठी. तो गणित शिकवतो, आणि भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा १२०७ सालचा शिलालेख त्याच पाटण्याचा.

पहूरला चहाला थांबलो. चहावाल्याने कुठे निघालात विचारलं आणि म्हणाला, "आज सोमवार ना भाऊ, लेणी बंद ऱ्हाते."

लेणी कोणत्या वारी बंद असतात, ते मी पाहिलंच नव्हतं. भाचीचा चेहरा पडला, भाऊ गप्प झाला. मी मनात पर्याय जुळवत होते, तेवढ्यात मागच्या सीटवरून आई हळूच म्हणाली, "मग मुक्ताईले जाऊ या का?"

आईची आई कोथळीहून मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी गेलेली. आषाढीला सगळ्यात लांबून चालत येणाऱ्या पालख्यांपैकी ही एक. आईला ते देऊळ पुन्हा एकदा पाहायचं होतं आणि आम्हाला कुणाला ते माहीत नव्हतं. तिचे गुडघे अजिंठ्याच्या पायऱ्यांना तयार नव्हते, तेही ती बोलली नव्हती. बेत मुलांसाठी आखलाय, आपण मध्ये कशाला पडा, असं तिचं. हे मला आजही लागतं.

गाडी जामनेरकडे वळवली. बोदवडवरून मुक्ताईनगर, मग कोथळी. आई गाभाऱ्यासमोर बराच वेळ बसली. कोणी तिला उठवलं नाही. तिथून चांगदेव गावाला गेलो. तापी आणि पूर्णा तिथे एकमेकींना भेटतात. पुढे हतनूर धरण असल्यामुळे पाणी ऐसपैस पसरलेलं असतं. देवळाच्या दगडी नक्षीवरून मुलं बोटं फिरवत होती आणि आई त्यांना सांगत होती: ज्ञानेश्वर वयाने लहान, पण अधिकाराने मोठे, त्यांना मायना काय लिहावा हे योगी चांगदेवांना सुचेना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. तो बघून मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. भाची खदखदून हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

मंगळवारी अजिंठा पाहिला. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोरून भाची हलेना. आईने खाली झाडाखाली बसून आमची वाट पाहिली, आनंदाने. पाटणादेवी मात्र गेलं. भाऊ "असू दे ताई" म्हणाला, पण बेत बदलला की कोणाचं तरी काहीतरी सुटतंच. ते कोणाचं सुटतंय हे मी तेव्हापासून आधी बघते, आणि त्या माणसाला विचारल्याशिवाय गाडी वळवत नाही.

आता मी दोनच गोष्टी पक्क्या करते: पहिल्या रात्रीचा मुक्काम आणि परतीचं आरक्षण. खोली थोडी महाग पडली तरी चालेल, पण रद्द केली तर पैसे परत मिळणारी घेते. कुठलं ठिकाण कोणत्या वारी बंद, हे तपासते. अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. दोन्ही एका फेरीत करणाऱ्यांनी हे आधी बघावंच. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा अकरानंतर कुठलाच बेत नाही, सावलीत झोपायचं. पावसाळ्यात तोरणमाळला निघालात आणि घाटात धुकं दाटलं, तर शहाद्याला परत फिरायची तयारी ठेवा. तोरणमाळ कुठे पळून जात नाही. आणि निघायच्या आदल्या रात्री जेवताना प्रत्येकाला एकच प्रश्न: तुला स्वतःला कुठे जायचंय? आईला आधी विचारते.

यंदाच्या दिवाळीत भाऊ पुन्हा येतोय. परवा फोनवर त्याला सांगितलं, पहिला दिवस पाटण्याचा. तो म्हणाला, "आईला विचारलंस?"

विचारलं होतं. तिला पाटण्याची देवी बघायची आहे.