नऊ टक्के खाली

सकाळी मोबाईल उघडला तर कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा आपला शेअर रात्रीत ९ टक्के खाली. शेंगाचटणी-भाकरी पण घशाखाली उतरेना.

नवी पेठेत चहाला मित्र म्हणाला, "विकून टाक की बे, कशाला जीव टांगणीला?" (सोलापुरात 'बे' लावल्याशिवाय सल्ला पूर्ण होत नाही.) मी ऐकवलं, अ‍ॅमेझॉन १९९९च्या शिखरावरून २००१पर्यंत ९० टक्क्यांहून जास्त पडलेला, नंतर बघ कुठं गेला. तो म्हणाला, "तेव्हा बुडालेल्या बाकीच्या कंपन्यांची नावं सांग की."

गप्पच बसलो. पण विकला नाही. लेकीची फी एफडीत आहे, यात घातलेत ते पाच वर्षं तरी न लागणारेच पैसे.

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी गेलो. सात-आठच्या सुमारास अमेरिकेतला शेअर बाजार उघडतो, म्हणून मोबाईल बायकोकडेच ठेवून.