भाडं पुढं ढकललं होतं, माफ नव्हतं

2020 ला मी औरंगाबादजवळ वाळूजच्या औद्योगिक भागात, रांजणगावात पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहायचो, आम्ही तिघं. मार्चच्या शेवटी लॉकडाऊनमुळं कंपनी बंद, पगार अर्धाच आला आणि 5 एप्रिलला घरमालक दारात. "पैसे नसतील तर रूम खाली करा." अहो पण जायचं कुठं, एसटी बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद, गाव हिंगोलीकडं, दोनशे किलोमीटरच्या वर.

तेव्हा आम्हाला माहितीच नव्हतं की 29 मार्चलाच केंद्राचा आदेश निघालाय, मजुरांकडून महिनाभर भाडं मागायचं नाही आणि मजूर किंवा विद्यार्थ्यांना खोली सोडायला लावली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली कारवाई. मग 17 एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागानं सांगितलं की भाडेवसुली किमान तीन महिने पुढं ढकला, थकलं म्हणून कुणाला काढू नका. ती बातमी मोबाईलवर मालकाला दाखवली तर म्हणे, "माझा बँकेचा हप्ता सरकार भरायलंय का?" त्याचंही घर भाड्यावरच चालायचं, हे मला तेव्हाही कळत होतं. रिझर्व्ह बँकेनं हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत दिलेली, पण व्याज चालूच होतं ना.

शेवटी तो म्हणाला, तुमच्याकडं कागद कुठंय? आणि आम्ही गप्प बसलो, कारण भाडं रोख, पावती नाही, करार नाही, इथं कोण करतंय करार!

त्याच दिवसांत आम्ही पायी निघायचं ठरवत होतो, रेल्वेच्या रुळानं. 8 मेला करमाडजवळ जालन्याहून पायी निघालेले 16 मजूर रुळावर झोपेतच मालगाडीखाली गेले. त्यानंतर तो विषय आम्ही परत काढला नाही.

लई उशिरा एका वकिलानं सांगितलं की 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणं करार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ज्या कागदाला घाबरून आम्ही गप्प बसलो तो नसणं ही चूक आमची नव्हतीच. हे रांजणगावात, बजाजनगरात, लातूरला क्लाससाठी आलेल्या पोरांच्या रूमवर, कुणीतरी भिंतीवर लिहून लावायला पाहिजे होतं, मराठीत, मोठ्या अक्षरात.

कंपनी सुरू झाल्यावर थकलेलं सगळं भाडं दिवाळीपर्यंत थोडं थोडं करून फेडलं. पावती तेव्हाही मिळाली नाही.