वारली लग्नाचा चौक

मुंबईत वारली चित्र म्हटलं की तारपा नाच आठवतो, तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवती गोल धरून केलेला. सोसायटीच्या भिंतीवर, कुर्त्यावर, उशीच्या अभ्र्यावर तोच. डहाणू-तलासरीकडे मात्र वारल्यांच्या घरी लग्न असलं की भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहिला जातो, आणि तो शोभेचा नसतो. त्यात पालघाट देवी येते आणि तिच्या साक्षीनं लग्न लागतं. चौक लिहायचा सवाशिणींनी. लग्न लावते धवलेरी. ती गाणी म्हणत एकेक विधी पुढे नेते.

आधी भिंत शेणामातीनं सारवून वाळवायची, मग गेरूचा हात. इथे घाई नडते. गेरू ओला असला की पांढरी रेघ त्यात पसरते आणि कडा लाल होतात. वाटीभर तांदूळ रात्रभर भिजवून पाट्यावर गंधासारखे मऊ वाटायचे. भरड राहिले तर वाळल्यावर बोटाला पीठ लागतं. पेस्ट जाड झाली तर तडकते, पातळ झाली तर खालचा गेरू दिसतो. चिमूटभर डिंक विरघळवून घातला की धरून राहते. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक चावून तंतू मोकळे केलेली.

आधी चौकट. तिच्या चारही बाजूंना नक्षीचे पट्टे, हे सगळ्यांत वेळखाऊ आणि संयमाचं काम. मधोमध हात पसरलेली पालघाट. भोवती झाडं, जनावरं, सूर्य-चंद्र, फणी, शिडी. बाजूच्या लहान चौकात पाच शिरांचा पंचशिऱ्या देव.

1970च्या दशकात जिव्या सोमा मशे यांच्यासारखे पुरुष कागदावर चितारू लागले आणि ही कला जगभर गेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फार चांगलं झालं. तरीही दिवाणखान्यासाठी पालघाटीचा चौक मागू नये असं मला मनापासून वाटतं. ती त्या घरच्या लग्नासाठी येते. नाच, पेरणी, मळणी, मासेमारी, मागण्यासारखं पुष्कळ आहे.

ऑइल पेंटच्या भिंतीवर तांदळाचं पीठ टिकत नाही, पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा गेरू दिलेलं सुती कापड घ्यावं. त्याची घडी घालू नये, घडीवर पीठ तडकतं. चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून नळीवर गुंडाळावं आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टांगू नये, ओल येऊन बुरशी धरते.