पांढरी दोनवरून पांढरी सात

अंधेरीच्या एका स्टुडिओत आम्ही व्हायोलिनवाले पार्ट, म्हणजे आपापल्या वाद्याचे स्वर लिहिलेले कागद, लावून बसलो होतो. गाणं डी मायनरमध्ये, म्हणजे पांढरी दोन; हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी हा 'सा'. इंट्रोची तालीम उत्तम झाली आणि गायिका गाइड ट्रॅक, म्हणजे वादकांना अंदाज देणारं कच्चं गाणं, गायला उभ्या राहिल्या. आदल्या रात्री त्यांचा कार्यक्रम होता, घसा बसलेला. अंतऱ्यातला तार षड्ज काही केल्या लागेना. शेवटी संगीतकार म्हणाले, "पांढरी सात करू या." म्हणजे दीड स्वर खाली, बी मायनर.

बासरीवाल्यांनी पिशवीतून दुसरी बासरी काढली आणि ते तयार झाले. त्यांच्या वहीत सरगम होती. 'सा' हलला की अख्खं गाणं त्याच्याबरोबर हलतं, कागदावरचं एक अक्षरही खोडावं लागत नाही. मी स्वतः भातखंडे लिपीवरच, म्हणजे सरगम लिहिण्याच्या पद्धतीवरच वाढलो, आणि तिचं हे सामर्थ्य मला आजही थक्क करतं.

स्टाफ नोटेशनचं, म्हणजे पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य लिपीचं, तसं नाही. तिथे रेषेवरचं प्रत्येक टिंब एका पक्क्या स्वराचं. पार्ट हाताने लिहिलेले. कॉपिस्ट, म्हणजे पार्ट उतरवून देणारे, ते सगळे नव्याने लिहायला बसले असते तर शिफ्ट तिथेच संपली असती.

आमचे लीडर गोव्यातल्या सासष्टीचे, चर्चच्या शाळेत सोल्फा (डो-रे-मी) घोकून आलेले. (गोव्यातल्या या शाळांनी मुंबईच्या सिनेसंगीताला किती वादक दिले! प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे.) लीडर शांतपणे म्हणाले, "सोप्रानो क्लेफ समजून वाचा. दोन शार्प."

क्लेफ म्हणजे ओळीच्या सुरुवातीची खूण; कोणत्या रेषेवर कोणता स्वर, हे ती ठरवते. आमच्या नेहमीच्या ट्रेबल क्लेफमध्ये सर्वांत खालच्या रेषेवर ई असतो, सोप्रानो क्लेफमध्ये त्याच रेषेवर सी. डोळ्यांनी क्लेफ बदलला की टिंब न हलता प्रत्येक स्वर दोन पायऱ्या खाली येतो, ईचा सी होतो. पुढे बी मायनरचे दोन शार्प, म्हणजे अर्धा स्वर चढवलेले सूर, धरायचे आणि जिथे बी या स्वरावर नॅचरलची (चढ-उतार रद्द करणारी) खूण असेल तिथे शार्प वाजवायचा. ऐकायला हे अवघड वाटतं, पण ज्याने लहानपणी वेगवेगळे क्लेफ गिरवलेत त्याचा हात लगेच चालतो. मी ते खूप उशिरा, नोकरी सांभाळून शिकलो होतो, तरी त्या दिवशी ओळीमागून ओळ निघत गेली.

मग खरी अडचण आली. दुसऱ्या व्हायोलिनच्या एका ओळीत खालचा ए होता. तो उतरून एफ शार्प झाला आणि व्हायोलिनची शेवटची तार तर जी या स्वरावरच थांबते. हा स्वर आमच्या वाद्यात नाहीच. पाठांतराने वाजवणाऱ्यांना हे वाजवताना कळलं असतं. आमच्यातल्या एकाने वाजवण्याआधीच, नुसत्या पानावरून ते पाहिलं आणि बारचा (तालाच्या एका मापाचा) नंबर सांगितला. कोणत्या वाद्याने काय वाजवायचं हे लिहिणाऱ्या अरेंजरनी स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे पार्ट एकत्र असलेली वही, उलटला. व्हायोला, व्हायोलिनहून थोडी मोठी वाद्यं, त्या जागी मोकळी होती, आणि त्यांची खालची तार सी या स्वरापर्यंत जाते. "ते दोन बार व्हायोलांनी घ्या. सेकंड व्हायोलिन, तुम्ही वरच्या सप्तकात, हळू आवाजात." व्हायोलावाल्यांनी आपल्या पार्टच्या समासात ते दोन बार पेन्सिलीने, त्यांच्या आल्टो क्लेफमध्ये उतरवले.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. एवढी माणसं, आणि कोणाला काही वाजवून दाखवावं लागलं नाही. बारचा नंबर उच्चारला की सगळ्यांच्या नजरा एकाच जागेवर. सरगमने सूर सहज हलवला असता, पण कोणत्या क्षणी कोण मोकळा आहे, कोणाचा स्वर वाद्याबाहेर जातोय, हे आमच्या पार्टमध्ये आणि एकाखाली एक मांडलेल्या स्कोअरमध्येच दिसतं.

लाल दिवा लागला. व्हायोलांच्या त्या दोन बारांनी गाण्याला असा काही गडद रंग आला की संगीतकारांनी टेक ऐकून अरेंजरना सांगितलं, मूळ स्कोअरमध्येही आता हेच लिहा.

हल्ली माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांकडून मी एकच बंदिश दोन्ही लिप्यांत लिहून घेतो, आणि मग ती दुसऱ्या पट्टीत वाचायला लावतो.