त्या गाण्यांतली ‘तू’

रविवार, रात्री ११

आज माळ्यावरचा खोका उतरवला, तेव्हा ‘मिलेनियम’च्या कॅसेटच्या डबीत चौघडी घातलेला वहीचा कागद निघाला. १९९९ साली बॅकस्ट्रीट बॉइज या अमेरिकी गायक मुलांच्या गटाचा हा अल्बम आला तेव्हा मी आठवीत होते. कागदावर माझ्या त्या वेळच्या अक्षरात ‘आय वाँट इट दॅट वे’चे शब्द ऐकून उतरवलेले आहेत, जिथे उच्चार पकडता आला नाही तिथे टिंबे दिली आहेत, आणि दुसऱ्या कडव्यात तर शब्दांपेक्षा टिंबेच जास्त आहेत. तरीही हे गाणे म्हणताना माझा गळा दाटून येत असे.

पुढे वाचनात आले की हे गाणे लिहिणारे मॅक्स मार्टिन आणि आंद्रेआस कार्लसन हे दोघेही स्वीडनचे, आणि अर्थापेक्षा शब्दाचा नाद चालीत कसा बसतो याकडे त्यांचे लक्ष अधिक. नीट अर्थ लागेल असे दुसरे शब्दही लिहून ध्वनिमुद्रित झाले होते, परंतु गायकांनी पहिलेच ठेवले. मला ते योग्य वाटते, कारण अर्थ पक्का झाला असता तर ते दोन परक्या माणसांचे भांडण ठरले असते. तो मोकळा राहिला म्हणून माझी टिंबे त्यात सामावली. शिवाय इंग्रजीतल्या ‘यू’ला ना लिंग ना वचन. मराठीत ‘तू आलीस’ म्हटले की समोर कुणी एक बाई उभी राहते. त्या ‘यू’मध्ये मात्र मला बिनदिक्कत शिरता येत होते.

आणि त्या गाण्यांतला मुलगा काय बोलत असे! त्याच गटाच्या १९९७ च्या ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज यू लव्ह मी’मध्ये तो सांगतो की तू कोण, कुठली, आजवर काय केलेस, याच्याशी मला कर्तव्य नाही. आमच्या घरी मैत्रीण आली तरी आधी तिचे आडनाव विचारले जाई, त्यामुळे हे एक वाक्य मला किती मोठे वाटले असेल, हे आज लिहूनही पुरते सांगता येत नाही. शाळेच्या वाटेवर सायकलवरून मागे येणाऱ्या मुलांची मला भीती वाटे. गाण्यातला मुलगा विनवणी करी, चूक कबूल करी, रडे, आणि मी बटण दाबले की गप्प होई. प्रेम म्हणजे काय असू शकते याचा पहिला विचार मी त्याच्या सोबतीने, निर्धास्तपणे केला, आणि त्याबद्दल मी त्या गाण्यांची ऋणी आहे.

एका गोष्टीवर मात्र माझा आक्षेप आहे. माझी तेरा वर्षांची लेक सध्या वन डायरेक्शन या अशाच दुसऱ्या गटाचे २०११ चे पहिले गाणे गुणगुणते. त्यातली मुलगी सुंदर का, तर आपण सुंदर आहोत हे तिला ठाऊक नाही म्हणून. मग ज्या दिवशी तिला ते उमगेल त्या दिवशी तिने काय गमवायचे? स्वतःची ओळख नसणे हाच जिचा गुण ठरतो, तिने कायम दुसऱ्याच्या तोंडाकडेच पाहत राहायचे का? जेवताना मी लेकीला हे सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, आणि म्हणाली, “पण आई, कुणीतरी तिला सांगतंय ना.”

यावर मला काही बोलता आले नाही, कारण आठवीत मलाही तेवढेच हवे होते.